जावयामागून आलेली नदी

परवा नातीचा फोन आला. चित्र दिसतं तसला. मी चष्मा शोधेपर्यंत मला वाटत होतं, पोरगी निळीची बादली सांडून बसली आहे. चष्मा लावल्यावर कळलं, तो समुद्र होता. ग्रीस देशातलं कुठलंसं बेट. डोंगराच्या उतारावर दह्याच्या कवड्या मांडाव्यात तशी पांढरी घरं, आणि त्या सगळ्या सृष्टीच्या मधोमध आमचा नातजावई उताणा. डोक्यावर छत्री, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कसलासा गारेगार पेला. सगळं बिऱ्हाड गेलंय, पोराबाळांसकट. "आजोबा, इथं काही म्हणजे काही करायचं नसतं. नुसतं लोळायचं!" नात म्हणाली.

मी म्हटलं, "त्यात काय! बेटावर लोळायला आम्हीही गेलो होतो. आमचं बेट नीरेत होतं. आणि तुझ्या नवऱ्याला स्वतःचा पेला स्वतः धरावा लागतोय. मला तेवढेही कष्ट कुणी पडू दिले नव्हते."

ती हसली. मी बोललो की हसायचं, आणि रुपयातले बारा आणे वजा करून उरलेलं खरं मानायचं, ही आमच्या घरातली जुनी वहिवाट आहे. वहिवाट मीच पाडली, तेव्हा तक्रार कुणाकडं करू? पण नीरेतल्या बेटाचं हे जे आहे, त्यातून काही वजा करायला गेलं की हाताला वाळू लागते. पुन्हा भरतोय तोवर बोटांमधून निसटते.

यंदा अधिक महिना पुन्हा उन्हाळ्यात आलाय. जळोचीच्या रस्त्याला कलिंगडांचे ढीग लागलेत. इतके उंच की परवा एका ढिगाच्या शेंड्यावर घार बसलेली मी पाहिली. ही आताची कलिंगडं शेतात पिकतात. खाली प्लॅस्टिक अंथरलेलं, नळीनं थेंब थेंब पाणी, काळीभोर तुळतुळीत अंगं, सगळी एका मापाची. गिऱ्हाईक येतं, टिचकी मारतं, उगीच मान डोलावतं. त्या टिचकीचा आवाज मला दुपारच्या झोपेतूनही उठवतो. टप्प. टप्प. आणि मग डोळे मिटले तरी पुढं सगळी वाळूच दिसायला लागते, पांढरी, तापलेली, डोळ्यांत पाणी आणणारी.

साल पन्नासनंतरचं आणि साठच्या अलीकडचं. नेमकं सांगितलं तर तुम्ही पंचांग काढून बसाल, म्हणून सांगत नाही. बारामतीत स्टेशनाच्या वाटेवर माझं सायकलींचं दुकान होतं, तासावर भाड्यानं द्यायच्या. सायकली चार होत्या. मी अकरा सांगत असे. मोडक्यांचे सुटे भाग जमेस धरले तर भरायच्याही. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. आणि आला अधिक वैशाख, म्हणजे धोंड्याचा महिना. लेकीला आणि जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तबकात दिवा ठेवून वाण द्यायचं. त्या महिन्यात जावई हा जावई नसतोच. तो साक्षात नारायण असतो, आणि नारायणाला हातपाय असले तरी ते वापरायची परवानगी नसते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी दुकानातच बसलो असतो.

माझे सासरे नामदेवतात्या. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मी मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. निरवांगीच्या शिवारात त्यांचा माळ होता, असा की पाऊस पडला तरच त्याला शेत म्हणायचं, एरवी धोंडेच. म्हणून नीरा आटली की मामा उन्हाळ्यापुरते नदीत राहायला जायचे. नदी दोन धारांत फुटून मधे वाळूचं एक लांबट बेट उघडं पडायचं. त्यावर पाल्याची खोप, खोपीपुढं बाभळीच्या फांद्यांचा मांडव, आणि आळी खणून, खत घालून लावलेली कलिंगडाची वाडी. प्यायला पाणी हवं तर हातानं वाळू उकरायची. झिऱ्यात पाणी असं नितळ यायचं की आत वाकलं तर आपलाच चेहरा आपल्याला पाहुणा वाटावा. टिटव्यांनी वाळूत अंडी घातलेली, आणि त्या अंड्यांपायी मामांची सगळी माणसं वाकडी वाट करून चालायची.

आम्ही बारामतीहून सायकलवर निघालो. सरू, म्हणजे माझी बायको, मागं कॅरियरवर. कालव्याच्या कडेकडेनं निम्मा रस्ता सावली, निम्मा रस्ता भाजणी. नदीकाठी पोचलो तर माझा मेहुणा बबन वाट बघत उभा. वाळूत सायकल ढकलायला मी हँडल धरलं, तसा तो ओरडलाच, "ओ दाजी! हात लावू नका!" आणि त्यानं ती सायकल, वीस मण वजनाची, उचलून डोक्यावर घेतली. चाकं उन्हात गरगर फिरत पुढं चाललेली, मागं मी रिकाम्या हातांचा नारायण, आणि माझ्यामागं दोन पिशव्या घेतलेली सरू. मी एक पिशवी मागितली. ती म्हणाली, "गप चाला. तात्यांनी बघितलं तर मला बोलत्याल."

तिथून माझ्या हातांचे हाल सुरू झाले. मी ग्रीसाचा माणूस. म्हणजे वंगणाचा. दिवसभर साखळ्या, छर्रे, पंक्चर. नखांत काळं नसेल तर मला जेवण गोड लागत नसे. आणि इथं मामींनी मला मांडवाखालच्या बाजेवर बसवलं, खाली गोधडी, पाठीशी उशी, आणि निघून गेल्या त्या वाडीला पाणी घालायला. सगळे कामाला. मामी घागरीनं पाणी आणतायत, सरू आल्या आल्या पदर खोचून वेलांची तोंडं फिरवतेय, बबन कोल्ह्यांनी पाडलेली काट्यांची कुंपणं नीट करतोय. मी बसलोय. आंघोळीला गेलो तर तांब्या बबनच्या हातात. "दाजी, तुमी निस्तं डोळं मिटा." एकदा न राहवून मी आळ्यातलं एक गवताचं काडं उपटलं. मामींनी असा हंबरडा फोडला की पलीकडच्या काठावरची जनावरं उठून उभी राहिली. "आगं बाई, जावयानं गवात उपटलं! कुठं फेडू हे पाप!"

भल्या पहाटे कोल्हे आले तेव्हा मी काठी शोधू लागलो. मामा म्हणाले, "तुमी उठू नका. पडल्या पडल्या खोका. तेवढ्यानं पळत्याल." मी खोकलो. कोल्हे पळाले की नाही कोण जाणे, पण दिवसभरात मी केलेलं काम तेवढंच.

माणसाला काहीच करू दिलं नाही की तो बघायला शिकतो. मी बघत होतो. सकाळी मामा वाडीत शिरायचे ते देवळात शिरल्यासारखे, पायतणं खोपीशी काढून. एकेका फळापाशी उकिडवे बसायचे. टप्प. टप्प. कान खाली. मग फळावरून हात फिरवायचे आणि पुटपुटायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं मंत्र म्हणतात. बबननं हळूच सांगितलं, "बैल मोजत्यात."

गोष्ट अशी होती. मामांची बैलजोडी होती, त्यातला एक दिवाळीच्या सुमाराला गेला. उरलेला हरण्या, काठावरच्या बाभळीखाली एकटा बांधलेला, अजूनही उभा राहताना जोडीदाराची जागा सोडून एका अंगाला उभा राहायचा. मृगाच्या आत दुसरा बैल आला नाही तर माळावर पेरणी नव्हती. आणि दुसरा बैल ह्या वाडीतच पिकत होता. मामा एका दांडग्या फळावर हात ठेवून म्हणायचे, "ह्ये वशिंड." दोन लांबोळक्या फळांकडं बोट करून, "ही शिंगं." चार बारकी जवळजवळ होती ते खूर. असा तो बैल त्या वाळूत इथून तिथवर आडवा पसरला होता, हिरवा, गार, अंगावर पांढरे पट्टे, शेपूट पार धारेच्या कडेला. मी बाजेवरून बघायचो तर मला खरोखर त्याचा श्वास चाललेला दिसायचा. वजा करा बारा आणे. उरलेल्या चार आण्यांतही तो श्वास घेतोच आहे.

एकादशीला हुसेनभाई आले. इंदापूरचे फळवाले, दरसाल वाडीचा माल तेच उचलायचे, आणि बैलही त्यांनीच बघून ठेवला होता. तांबडा, चार दाती, म्हणजे ऐन तरणा, हरण्याच्या उंचीला उंची. माल त्यांच्या गाड्यांत चढला की बैल मामांच्या दावणीला, असं ठरलेलं. त्यांच्या गाड्या काठावर सुटल्या. लुंगी वर खोचून ते घोट्याएवढ्या धारेतून चालत बेटावर आले आणि आल्या आल्या एका फळाला टिचकी मारली.

"तात्या, फळ बोलाय लागलंय. आजच भरू."

मामा म्हणाले, "आज एकादस. नारायण उपाशी बसलाय आन् आमी माल इकायचा व्हय? उद्या बारशीला धोंडं खाऊ घालतो. जावईबापूंच्या हातनं पयलं फळ तुटू द्या. सांजच्याला भरा गाड्या."

"मंग आज त्येंच्या हातनं पयलं तोडा, बाकीची आमी तोडतो."

"उपाशी हातानं?" मामांनी असं विचारलं की हुसेनभाईंना स्वतःचीच लाज वाटली असावी.

ते माझ्याकडं वळले. "जावईबापू, तुमी तरी सांगा की वो."

मी सांगितलं. खरंच सांगितलं. "मामा, आजच तोडू. मला काही धोंड्यांची घाई नाही."

मामांनी माझ्याकडं प्रेमानं बघितलं, लहान मुलाकडं बघतात तसं. "बसा तुमी. देव कवा सवताच्या पूजेत बोलतो का?"

हुसेनभाई हसून म्हणाले, "खरं हाय. मुरतीनं मधी बोलू न्हाय." आणि माझ्या शेजारी बाजेवर टेकले. थोड्या वेळानं हलकेच म्हणाले, "मोटा मान हाय तुमचा, दाजी. हालू नका."

संध्याकाळी वाळू निवायला लागली की बेटासारखी जागा जगात नसेल. पायाखाली वरची वाळू कोमट, आतली गार. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला कलिंगडाच्या वेलांचा तो हिरवा, किंचित कडू वास. मामी उद्याच्या पुरणाची डाळ निवडतायत, सरू त्यांच्या पाठीला पाठ लावून बसलेली, आईच्या आणि लेकीच्या दोन वेण्या एकीत एक मिसळलेल्या. बबन हुसेनभाईंना टाळ्या देत काहीतरी सांगतोय. त्या घटकेला मी सुखी होतो, हे लिहायला माझा हात अडतो, पण होतो.

पश्चिमेला, लांब, आमच्या कऱ्हेच्या अंगाला विजा चमकत होत्या. आवाज नाही, नुसता उजेड. कऱ्हा ही बारामतीची नदी. खाली सोनगावाशी येऊन, मामांच्या बेटाच्या वरच्या अंगाला, नीरेला मिळते. मामा तिकडं बघून म्हणाले, "तुमच्या कऱ्हंवर वळीव झोडपतोय जणू."

"झोडपू दे की तात्या," बबन म्हणाला. "कऱ्हंचं पानी ते काय! दाजींच्या गावात बाया तिच्यात भांडी घासायला बसल्या की धार थांबती."

आता गावची नदी म्हणजे गावची अब्रू. मी उसळून म्हटलं, "अरे, आमची कऱ्हा एकदा सर्कशीतला हत्ती घेऊन गेली होती. माहुतासकट! सोनगावाला हत्ती सापडला, माहूत अजून सापडायचाय."

सगळे पोट धरून हसले. मामांनी डोळे पुसले. "हत्ती! आवं मांजर तरी बुडतं का तिच्यात?" मीही हसलो. आयुष्यात मी हजारांनी थापा मारल्या, पण देवानं मन लावून ऐकली ती एवढीच.

बारस उजाडली ती लख्ख. आभाळात कापसाचा पुंजकाही नाही. मामा-मामींनी माझे पाय तबकात घेऊन धुतले, कुंकू लावलं, नवं धोतर, टोपी, पांढराशुभ्र सदरा दिला. मग मला वाडीत नेऊन एका फळापाशी बसवलं. वशिंड! मी म्हटलं, "मामा, लहानसं एखादं तोडू." ते म्हणाले, "देवाला काय खूर द्यायचा?" मी देठ तोडला. देठातून पाण्याचा एक थेंब वर आला आणि तिथंच थरथरत राहिला. फळ माझ्या बाजेवर आणून ठेवलं, आणि ताट आलं.

तेहतीस धोंडे. तूप असं की धोंडा त्यात पोहायला लागावा. मी दोन खाल्ले, चार खाल्ले. मामी वाढतायत, सरू पदराआड हसतेय. तेवढ्यात टिटव्या उठल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागल्या. मी समोर बघितलं. धारेवरून पांढरा फेस चालला होता, फेसात काटक्या, गोवऱ्या, कुणाचं तरी सूप. नितळ पाणी बघता बघता गुळवणीच्या रंगाचं झालं. त्या रंगाची मला खूण पटली. तो आमच्याच मातीचा रंग होता. वर आभाळ कोरडं ठणठणीत, आणि खाली, जावयामागून, जावयाची नदी पाहुणी आली होती.

"मामा, पाणी!" मी उठू लागलो.

मामांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. "उठू नका! नारायण अर्ध्या ताटावरनं उठत न्हाय."

"अहो पण वाडी..."

"जेवा!" ते ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. त्यांना पाणी दिसत नव्हतं असं नाही. मला कळतं ते एवढंच, की माणसानं इतके दिवस ज्याला देव म्हटलं त्याला एका क्षणात जावई कसा करायचा, हे त्यांना त्या क्षणी उमगत नव्हतं. मी घास कोंबत होतो. डोळ्यांसमोर पाणी शेपटीला लागलं. पहिल्या वेलीनं वाळू सोडली.

मग हुसेनभाई कंबरेएवढ्या पाण्यातून ओरडत आले, "तात्या, जित्ती माणसं आधी काठाला न्या! वाळू सरकाय लागलीय!" आणि पंचाईत माझीच. मला पोहता येत नव्हतं. बारामतीत सायकल चालवायला पाणी लागत नाही. मी म्हटलं, मी हात धरून चालतो. मामी म्हणाल्या, पायावरचं कुंकू वाळलं न्हाय अजून, चिखलात कसं चालत्याल? वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून जो मुद्दा आधी निघाला तोच ठरला.

त्यांनी मला बाजेसकट उचललं. एका खुराला मामा, एकाला बबन, एकाला हुसेनभाई, आणि चौथ्याला माणूस नव्हतं म्हणून सरू. माझी बायको. काष्टा घालून, दात आवळून. माझ्या मांडीवर ते कलिंगड, कलिंगडाशेजारी वाणाचं तबक, तबकात धोंडे आणि पेटलेला दिवा. पुढं मामी गाठोडं डोक्यावर घेऊन वाट चाचपत. पाणी सरूच्या कंबरेला, मग छातीला. मी म्हटलं, "सरू, मला सोड. मी उतरतो." ती वर न बघता म्हणाली, "हालू नका हो. हाललात तर खरंच सोडंन."

मी हाललो नाही. मी त्या उंचीवरून सगळं बघितलं, राजानं हत्तीवरून बघावं तसं. आठ हात मला धरून होते. त्या आठ हातांत किती फळं मावली असती, याचा हिशोब मी मान वळवून वळवून करत होतो. मागं शिंगं गेली. खूर एकामागोमाग सुटले. हिरवी फळं पाण्यावर आली की काही क्षण जागच्या जागी घुटमळायची, वेलीनं धरलेली. मग वेल ताणायची, ताणायची, आणि सुटायची. सुटल्यावर ती एकमेकांवर हलकेच आपटत निघायची, खेळत निघाल्यासारखी. आणि तो लबाड दिवा विझलाही नाही.

मला काठावर ठेवलं तसे मामा पुन्हा पाण्यात धावले. गळ्याएवढ्या पाण्यात, हात पुढं करून, बैलाला हाका माराव्यात तशा हाका मारत. "ह्ये ह्ये, थांब! थांब!" मी बाजेवरून उडी मारली, पायाचं कुंकू गेलं, धोतर गेलं, कुणाला भान नव्हतं. बबननं मामांचा एक हात धरला, हुसेनभाईंनी दुसरा. ओढून काठाला आणलं तेव्हा मामांच्या मुठीत वेलीचा एक तुकडा होता, पानं अजून ताठ.

आता नीरेत बेटं होत नाहीत. वाळू ट्रकनं गेली. खाली नुसता खडक आणि खड्डे. मध्ये एकदा नातवानं मोटारीनं नेऊन दाखवलं. मी त्याला म्हटलं, "इथं होतं." तो म्हणाला, "इथं?" मी जागा दाखवायला हात उचलला तो उचललेलाच राहिला, कुठं म्हणून दाखवणार? तिथल्या मळ्यांत ट्रॅक्टर चालले होते. एकाही दावणीला बैल नव्हता. त्या साली मामांनी पेरणी कशी केली तेही सांगतो: गावातल्या एकाशी सावड करून, त्याचा एक आणि हरण्या मिळून, आधी त्याचं रान, मग उरल्या ओलीवर आपलं. उगवलं थोडं. मी मदतीला येतो म्हणून निरोप धाडला. उत्तर आलं, जावयानं औत धरायचं नसतं.

पण ते पुढचं. त्या दुपारी बाभळीखाली आम्ही सगळे ओलेचिंब बसलो होतो. हुसेनभाईंनी रिकाम्या गाड्यांचे बैल जुंपले, मग पुन्हा सोडले, आणि मामांच्या शेजारी येऊन बसले. "बैल त्यो हायच तितं, तात्या," एवढंच म्हणाले. "म्या कुनाला दावत न्हाय." मामांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, कळलं नाही. हरण्या रवंथ करत होता, एका अंगाला उभा.

मग मामा उठले, बाजेपाशी आले, कलिंगड उचललं आणि मुठीनं फोडलं. आत लाल असं, की आसपासची उन्हं फिकी पडली. मोठी फोड काढून माझ्यापुढं धरली.

"मामा, नको. पोरांना द्या. तुम्ही घ्या."

"पयलं फळ तुमचं. खावा."

सरूकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती. मी चावलं. फळ पांचट निघालं असतं तर किती बरं झालं असतं! गेलेल्या वाडीला नावं ठेवता आली असती. पण असलं गोड कलिंगड मी त्याआधी खाल्लं नाही आणि नंतरही नाही, आणि यातला एक पैसासुद्धा वजा करू नका. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी गिळणार, इतक्यात मामांनी आपला पंजा माझ्या हनुवटीखाली धरला.

"बी गिळू नका. हितं टाका."

त्यांचा हात ओला, चिखलानं भरलेला, वेल धरून कापलेला. वडीलधाऱ्या माणसाच्या तळहातावर थुंकायचं? मी तसाच बसलो, गाल फुगलेला. मामी हळूच म्हणाल्या, "टाका वो जावईबापू. पुढल्या सालाचं हाय त्ये."

मी टाकलं. काळ्या, ओल्या बिया, माझ्या थुंकीसकट, त्या कापलेल्या तळव्यावर पडल्या. मामांनी त्या निरखल्या, बोटानं एक पोचट बी बाजूला काढली, उरलेल्या आपल्या सदऱ्याच्या टोकात बांधल्या, आणि पंजा पुन्हा माझ्या तोंडाखाली आणला. त्या बेटावर आल्यापासून मला मिळालेलं ते पहिलं काम.

"आनखी एक फोड घ्या," मामा म्हणाले. "एवढ्यानं भागत न्हाय."

धोंडे गळ्याशी आले होते. श्वास घ्यायला जागा नव्हती. मी तोंड उघडलं.